समजून घ्या : खाणीचा ढिगारा पुन्हा हिरवा कसा होतो? रोपे मोजू नका, माती मोजा

थोडक्यात

- खाणीतून निघालेल्या दगड-मुरमाच्या ढिगाऱ्यावर नुसती रोपे लावून जंगल येत नाही. आधी माती तयार करावी लागते.
- ही माती कशी तयार करायची, याचे यशस्वी उदाहरण विदर्भातच आहे. नागपूर जिल्ह्यातील गुमगावच्या मँगनीज खाणीवर ‘नीरी’ने ते उभे केले.
- खाण संपल्यावर जमीन पुन्हा गवत-झाडांसाठी योग्य करणे ही खाण घेणाऱ्याची जबाबदारी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.
- गोंदियासमोरचा खरा प्रश्न लहान मुरूम-गिट्टी खदानींचा आहे.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. वाटणीत धान, तलाव आणि जंगल दोघांकडे आले. मँगनीजच्या मोठ्या खाणी मात्र भंडाऱ्याकडे राहिल्या. तिरोड्याकडून वैनगंगा ओलांडली की तुमसर तालुका लागतो आणि तिथे चिखला व डोंगरी बुजुर्ग या ‘मॉईल’च्या खाणी आहेत. उत्तरेला बालाघाटजवळ भरवेलीची खाण आहे. नागपूर, भंडारा आणि बालाघाट असा सुमारे २०० किलोमीटरचा हा मँगनीज पट्टा गोंदियाला दोन बाजूंनी वेढतो.

त्यामुळे खाणीनंतर जमिनीचे काय होते, हा विषय आपल्यासाठी परका नाही. शिवाय रस्ता, रेल्वे आणि इमारतींसाठी मुरूम, गिट्टी व रेती आपल्या जिल्ह्यातूनही निघते. खड्डा लहान असला तरी तो खड्डाच असतो.

दर पावसाळ्यात ‘खाण परिसरात वृक्षारोपण’ अशा बातम्या येतात. फोटोत रोप असते, हातात कुदळ असते, आकडा मोठा असतो. तीन वर्षांनी त्याच जागेचा फोटो सहसा कुणी पाठवत नाही. हा लेख त्या तीन वर्षांत काय घडते, आणि काय घडायला हवे, याबद्दल आहे.

ढिगाऱ्यावर झाड का जगत नाही?

खनिज जमिनीच्या वरच्या थरात क्वचितच असते. त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी वरची माती, मुरूम आणि खडक काढून बाजूला टाकावे लागतात. खाणीच्या भाषेत याला ‘ओव्हरबर्डन’ म्हणतात. उघड्या खाणीत हा माल इतका असतो की त्याचे डोंगर उभे राहतात. दुरून टेकडीच वाटते, पण टेकडी आणि ढिगारा यांत मोठा फरक आहे.

टेकडीवरची माती शेकडो वर्षांत तयार झालेली असते. पाने पडतात, कुजतात, गांडुळे आणि जिवाणू त्यावर काम करतात. ढिगाऱ्यात यातले काहीच नसते. जमिनीखाली खोलवर असलेला खडक अचानक उन्हात आलेला असतो. त्यात सेंद्रिय कर्ब नगण्य, नत्र नगण्य आणि मुळांना मदत करणारे सूक्ष्मजीव जवळजवळ शून्य. पाणी धरून ठेवण्याची ताकद कमी. मे महिन्यात काळपट दगड इतका तापतो की कोवळे मूळ होरपळते. काही ठिकाणी जड धातूंचे प्रमाणही रोपाला झेपणारे नसते.

त्यात उतार. टिपरने टाकलेला माल स्वतःच्या वजनाने साधारण ३५ ते ३७ अंशांच्या उतारावर थांबतो. गोंदिया-भंडारा भागात वर्षाला १,२०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे एका हेक्टरवर वर्षभरात किमान १ कोटी २० लाख लिटर पाणी कोसळते आणि त्यातले बहुतेक चार महिन्यांत. मोकळ्या, तीव्र उतारावर हे पाणी मुरत नाही. ते बारीक माती घेऊन खाली धावते आणि खाली कुणाच्या तरी धानाच्या बांध्या असतात, एखादी बोडी असते किंवा मामा तलाव असतो.

म्हणून ढिगाऱ्यावर गवत आणि झाडे आणणे म्हणजे सुशोभीकरण नव्हे. खालच्या शेतकऱ्याच्या बांधीत गाळ जाऊ नये आणि तलावाचा तळ भरू नये, यासाठीची ती पहिली उपाययोजना आहे.

गुमगावला नेमके काय केले?

सावनेर तालुक्यातील गुमगाव ही ‘मॉईल’ची मँगनीज खाण. तिथल्या ओसाड ढिगाऱ्यांवर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून काम केले. डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामावर शोधनिबंध लिहिले आहेत. पद्धतीचे नाव ‘एकात्मिक जैवतंत्रज्ञान पद्धत’. नाव जड आहे, कल्पना शेतकऱ्याला लगेच कळेल अशी आहे. तिचे तीन भाग आहेत.

पहिला, सेंद्रिय खुराक. साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर उरणारा प्रेसमड किंवा शेणखत ढिगाऱ्याच्या मालात मिसळले जाते. त्यामुळे दगडाच्या चुऱ्यात पाणी टिकते आणि सूक्ष्मजीवांना खायला मिळते. सेंद्रिय पदार्थ जड धातूंना धरून ठेवतात, त्यामुळे ते मुळांपर्यंत कमी पोहोचतात.

दुसरा, जिवंत विरजण. हवेतला नत्र जमिनीत आणणारे रायझोबियम आणि अॅझोटोबॅक्टर हे जिवाणू आणि मुळांसोबत राहणारी मायकोरायझा बुरशी रोपांना दिली जाते. या बुरशीचे धागे मूळ पोहोचणार नाही तिथून पाणी आणि स्फुरद आणून देतात. त्या बदल्यात झाड तिला साखर देते. दुधात विरजण घातल्याशिवाय दही लागत नाही, तसेच हे आहे.

तिसरा, योग्य झाडे. कडुनिंब, शिसू, शिवण, साग अशी कोरड्या आणि हलक्या जमिनीत तग धरणारी झाडे निवडली गेली.

पुढे काय झाले? नीरीच्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, गुमगावच्या या जमिनीवर २००७ साली हेक्टरी सुमारे १४० टन कार्बन साठलेला होता. साधारण २० वर्षांपूर्वी जिथे गवताची काडी उगवत नव्हती, तिथली ही नोंद आहे. यातला ‘२०’ हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. एका पावसाळ्याचे हे काम नाही.

तिरोड्याला या प्रयोगाचा काय उपयोग?

अशाच पद्धतीचा प्रयोग नीरीने औष्णिक वीज केंद्राच्या राखेवरही केला. ३,३०० मेगावॉटचे वीज केंद्र असलेल्या तिरोड्यासाठी तो महत्त्वाचा आहे. कारण राख हीसुद्धा कोळशाच्या खाणीचीच पुढची पायरी आहे.

या प्रयोगात १० हेक्टर राखेच्या ढिगावर हेक्टरी ५० टन शेणखत टाकले आणि जिवाणू खते दिली. राखेची पाणी धरण्याची क्षमता ४० टक्क्यांवरून ६२ टक्क्यांवर गेली. नत्र साडेचार पट आणि स्फुरद १० पट वाढले. काहीही न दिलेल्या राखेतल्या रोपांच्या तुलनेत मानवेल बांबूची वाढ १५ पट झाली.

हेक्टरी ५० टन हे ऐकायला खूप वाटते. हिशेब केला तर ते प्रत्येक चौरस मीटरला ५ किलो होते. १० टनी ट्रकच्या पाच फेऱ्यांत एका हेक्टरचे खत येते. खाणीतून रोज बाहेर पडणाऱ्या ट्रकांच्या तुलनेत हे काहीच नाही.

मग सगळीकडे असे का होत नाही?

कारण सर्वांत महाग वस्तू खत नाही, माती आहे. आणि ती आपण सुरुवातीलाच गमावतो.

एका हेक्टरवरची ३० सेंटिमीटर माती म्हणजे ३,००० घनमीटर. एका टिपरमध्ये १० घनमीटर मावते असे धरले तर ३०० फेऱ्या. नंतर विकत आणून टाकायची म्हटली तर खर्च डोळे पांढरे करणारा. म्हणूनच खनिज संवर्धन आणि विकास नियम सांगतात, की खाण उघडताना वरची माती वेगळी काढायची आणि पुनर्स्थापनेसाठी वापरायची. लगेच वापरता येत नसेल तर वेगळी साठवायची.

यातही मेख आहे. मातीचा उंच ढीग वर्षानुवर्षे पडून राहिला तर आतले सूक्ष्मजीव आणि बिया मरतात. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात जारा जंगलातील बॉक्साइट खाणींमध्ये एका खड्ड्यावरची माती काढून थेट दुसऱ्या, खोदून झालेल्या खड्ड्यावर पसरण्याची पद्धत त्यामुळेच रूढ झाली. माती जितकी ताजी, तितक्या तिच्यातल्या जंगली बिया जास्त उगवतात.

दुसरी चूक अतिशिस्तीची. अमेरिकेत १९७७ च्या कायद्यानंतर कोळसा खाणींच्या जमिनी सपाट करून बुलडोझरने घट्ट दाबल्या जाऊ लागल्या. धूप थांबली, गवत आले, पण झाडांची मुळे आत शिरेनात. पुढे तिथल्या शास्त्रज्ञांनी सांगितले, की वरचा किमान चार फुटांचा थर सैल ठेवा. गोंदियातल्या कुठल्याही माळ्याने हेच सांगितले असते.

तिसरी चूक पटकन हिरवे दाखवण्याची. गोव्यात लोहखनिजाच्या ढिगाऱ्यांवर मोठ्या प्रमाणात ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली. ती झपाट्याने वाढते आणि माती धरते, हे खरे. पण एकाच परदेशी जातीचे रान म्हणजे जंगल नाही. तिथे ना गुरांना चारा, ना गावाला मोहफूल.

मग आपल्याकडे काय लावावे?

निसर्गाचा क्रम साधा आहे : आधी गवत, मग झुडूप, मग झाड. ढिगाऱ्यावरही तोच पाळावा लागतो.

- उतार : ढिगाऱ्याला पायऱ्या पाडून एकूण उतार २८ अंशांच्या आसपास आणायचा. पायथ्याशी दगडी बांध आणि गाळ अडवणारा खड्डा.
- पहिला पावसाळा : मारवेल, पवन्या, कुसळी यांसारखी स्थानिक गवते, सोबत ताग किंवा धैंचा. पाऊस थेट मातीवर आदळू नये, एवढेच पहिल्या वर्षाचे काम.
- दुसऱ्या वर्षापासून : शिसू, करंज, शिरीष, पळस, बांबू. यातली बरीच झाडे शेंगवर्गीय आहेत, म्हणजे नत्र जमिनीत आणणारी.
- माती जमू लागल्यावर : मोह, तेंदू, चारोळी, आवळा, ऐन, बिजा.

मोह आणि तेंदू शेवटच्या टप्प्यात असले तरी खरे उद्दिष्ट तेच आहेत. उन्हाळ्यात गोंदियाच्या जंगलालगतच्या घरांत पैसा येतो तो मोहफुले आणि तेंदूपानांतून. खाणीने घेतलेली जमीन गावाला परत मिळाली का, याची कसोटी तीच. उपग्रहाच्या चित्रात सागाची एकसारखी लागवड आणि मोहाचे रान दोन्ही हिरवेच दिसते. टोपली घेऊन जाणाऱ्या बाईला फरक कळतो.

सेंद्रिय खुराकासाठीही दूर जायला नको. गोंदिया ही ‘राईस सिटी’. इथल्या राईस मिलमधून निघणारे तूस, धानाचा पेंढा आणि गावातले शेणखत यांचे कुजवलेले मिश्रण प्रेसमडच्या जागी कसे चालते, हा प्रयोग इथल्या कृषी आणि विज्ञान महाविद्यालयांनी हाती घेण्यासारखा आहे.

कायदा काय सांगतो?

प्रमुख खनिजांच्या बाबतीत कायदा पुरेसा स्पष्ट आहे. प्रत्येक खाणीला टप्प्याटप्प्याने खाण बंद करण्याचा आराखडा द्यावा लागतो. खाण बंद होण्याच्या दोन वर्षे आधी अंतिम आराखडा द्यावा लागतो. त्यासाठी ‘आर्थिक हमी’ भरावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीत ती मोठ्या, यांत्रिक ‘अ’ वर्गातील खाणींसाठी हेक्टरी ३ लाखांवरून ५ लाख रुपये आणि ‘ब’ वर्गासाठी २ लाखांवरून ३ लाख रुपये करण्यात आली.

हेक्टरी ५ लाख म्हणजे चौरस मीटरला ५० रुपये. एवढ्यात उतार नीट करणे, खत, रोप आणि काही वर्षांची राखण बसवायची आहे. वरची माती जपून ठेवली असेल तर हे गणित जमू शकते. ती वाया घालवली असेल तर जमत नाही. म्हणजे खाण बंद होताना काय होणार, ते खाण उघडतानाच ठरते.

८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ प्रकरणात एक पाऊल पुढे टाकले. नागपूरचे शरद बोबडे तेव्हा सरन्यायाधीश होते. खाणकाम संपल्यावर त्या जागेवर पुन्हा गवत लावून ती चारा, वनस्पती आणि प्राण्यांसाठी योग्य करावी, खर्च खाणधारकाने करावा आणि ही अट खाणपट्ट्यातच घालावी, असे न्यायालयाने सांगितले. न्यायालयाने ‘गवत’ हा शब्द वापरला, याला अर्थ आहे. चराई गेलेल्या गावाला पहिल्यांदा लागते ते गवतच.

याशिवाय २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. खाणधारकांकडून येणारा हा निधी खाणबाधित भागासाठी आहे आणि पर्यावरणावरचा खर्च त्याच्या उद्दिष्टांत बसतो.

मुरूम-गिट्टीच्या खदानींचे काय?

इथे खरी अडचण आहे. मुरूम, गिट्टी, रेती ही ‘गौण खनिजे’. त्यांचे नियम राज्य सरकार करते आणि परवानगीचे काम महसूल खात्यातून चालते. २७ फेब्रुवारी २०१२ च्या दीपक कुमार प्रकरणातील निकालाने पाच हेक्टरपेक्षा लहान खदानींनाही पर्यावरण मंजुरीच्या कक्षेत आणले. तरी एका मोठ्या खाणीवर लक्ष ठेवणे आणि तालुकाभर विखुरलेल्या एक-दोन एकरांच्या खड्ड्यांवर लक्ष ठेवणे यांत फरक आहे. रस्त्याचे काम संपते, कंत्राटदार पुढच्या कामावर जातो, खड्डा गावाकडे राहतो. पावसाळ्यात त्यात पाणी साचते. खदानीच्या पाण्यात मुले बुडाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

प्रत्येक खड्डा बुजवायलाच हवा असे नाही. गोंदिया-भंडारा हा तलावांचा प्रदेश आहे. खदानीचे उभे काठ उतरते केले, कडेला गवत आणि करंज लावले, तर तिथे बोडी होऊ शकते. धोका उभ्या काठात आहे, पाण्यात नाही.

या कामाची जाण बाहेरून आणावी लागणार नाही. याच दोन जिल्ह्यांत ढीवर समाजातील महिलांच्या गटांनी तलावांत पसरलेली बेशरम काढून, तळ नांगरून, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. मासे आणि पक्षी परत यावेत म्हणून कोणती वनस्पती किती खोल पाण्यात लावायची, हे त्यांना माहीत आहे. देवरी भागात अनेक ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्क आहेत आणि जंगल राखण्याचा अनुभव आहे. खदानीच्या पुनर्स्थापनेचे काम आणि त्याचे पैसे या गटांकडे का जाऊ नयेत?

आकडा कोणता मागायचा?

राज्यात २०१६ पासून २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीच्या मोहिमा झाल्या. या मोहिमांनी आपल्याला लावलेली रोपे मोजायची सवय लावली. खाणीच्या जमिनीसाठी ही सवय घातक आहे. ढिगाऱ्यावर रोप पहिल्या पावसाळ्यात हिरवे राहतेच. त्याची परीक्षा पहिल्या मे महिन्यात असते. त्यामुळे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणे, म्हणजे नांग्या भरणे, आणि चराई व वणव्यापासून राखण करणे, हे काम लागवडीइतकेच महत्त्वाचे आहे.

गावाजवळ खाण किंवा खदान असेल तर ग्रामसभेत किंवा माहिती अधिकारात हे पाच प्रश्न विचारता येतात :

१. वरची माती वेगळी काढली का, आणि ती आज कुठे आहे?

२. ढिगाऱ्याचा उतार किती अंशांचा आहे?

३. तीन वर्षांपूर्वी लावलेल्या रोपांपैकी आज किती जिवंत आहेत, आणि त्यांत किती जाती आहेत?

४. मातीतला सेंद्रिय कर्ब तेव्हा किती होता, आता किती आहे?

५. जागा गावाला परत कधी आणि कोणत्या स्थितीत मिळणार?

चौथा प्रश्न सर्वांत सोपा आहे. शेतकरी मृद आरोग्य पत्रिकेसाठी जी माती तपासणी करतात, तीच ढिगाऱ्याची करता येते. महसूल खात्याने जिल्ह्यातील प्रत्येक खदानीचा असा वार्षिक तक्ता संकेतस्थळावर टाकला, तर निम्मे काम लोकच करतील.

एक गोष्ट शेवटी नमूद करायला हवी. ‘मॉईल’चे मुख्यालय नागपुरात. खाणींचे आराखडे तपासणाऱ्या भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय नागपुरात. ढिगाऱ्यावर जंगल आणून दाखवणारी नीरी नागपुरात. पैसा, नियम आणि विज्ञान एका शहरात आहे आणि ते शहर गोंदियापासून रेल्वेने काही तासांवर आहे. ‘तंत्रज्ञान नव्हते’ असे म्हणायची सोय विदर्भात कुणालाच उरलेली नाही. गोंदियात पुढची खदान मंजूर होईल तेव्हा तिच्या कागदपत्रांत किती रोपे लावणार हा रकाना असेलच. त्याच्या आधी आणखी एक रकाना हवा : माती कुठे ठेवणार?